पाच इनिंग अप्रतिम टाकणाऱ्या पिचरला काढावे का? बेसबॉलमधले आकडे आणि मैदानावरचे निर्णय

डावखुरा

इथे क्रिकेटचे धागे हजार-हजार प्रतिसादांवर जातात आणि बेसबॉलबद्दल मात्र कुणी चकार शब्द काढत नाही. तरी अमेरिकेत राहणारे सभासद पुष्कळ आहेत, म्हणून धाडस करतो. न्यू जर्सीतले माझे शेजारी आणि मी दर ऑक्टोबरात एकाच प्रसंगावरून भांडतो, आणि आता दोन्ही घरांत तो विषय जेवणाच्या टेबलावर काढायला बंदी आहे.

प्रसंग असा. २७ ऑक्टोबर २०२०, टेक्सासमधले आर्लिंग्टन, वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे चार सामने आधी जिंकणाऱ्याला विजेतेपद देणाऱ्या अंतिम मालिकेचा, सहावा सामना. लॉस एंजेलिस डॉजर्स मालिकेत ३-२ ने पुढे होते, त्यामुळे टॅम्पा बे रेजना हा सामना जिंकणे भागच होते. रेजचा डावखुरा पिचर (म्हणजे आपला गोलंदाज) ब्लेक स्नेल त्या रात्री वेगळ्याच तंद्रीत होता. सहाव्या इनिंगमध्ये (इनिंग म्हणजे तीन बाद होईपर्यंतचा डाव, सामन्यात अशा नऊ) एक बाद होईपर्यंत त्याने नऊ जणांना स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइक होऊन बाद) केले होते, वॉक (चार वाईट चेंडू सोडून मिळणारा पहिला बेस) एकही दिला नव्हता, आणि हिट (बेस मिळवून देणारे फटके) दिल्या होत्या फक्त दोन. त्यातली दुसरी नुकतीच, नवव्या क्रमांकावरच्या ऑस्टिन बार्न्सने मारलेली. रेज १-० ने पुढे होते आणि स्नेलचे चेंडू झाले होते अवघे ७३. डॉजर्सचे पहिले तीन बॅटर म्हणजे मूकी बेट्स, कोरी सीगर आणि जस्टिन टर्नर. तिघेही त्याच्यासमोर दोन-दोनदा येऊन सहाही वेळा स्ट्राइकआउट झाले होते. आता बेट्स तिसऱ्यांदा येणार, तेवढ्यात रेजचे मॅनेजर केविन कॅश डगआउटमधून चालत आले आणि त्यांनी स्नेलकडून चेंडू घेतला.

बदली आलेल्या निक अँडरसनला बेट्सने डबल (दोन बेसचा फटका) मारला, मग वाइल्ड पिचवर (कॅचरला न अडवता आलेल्या चेंडूवर) बरोबरी झाली, सीगरच्या जमिनीलगतच्या फटक्यावर बेट्स होमला पोचून दुसरा रन झाला, आठव्या इनिंगमध्ये बेट्सनेच होम रन मारला आणि ३-१ ने सामना संपला. डॉजर्सचे ते १९८८ नंतरचे पहिले विजेतेपद.

कॅश यांनी हे लहरीवर केलेले नव्हते. तोच बॅटर त्याच पिचरसमोर तिसऱ्यांदा आला की बॅटरची कामगिरी सुधारते, हे वर्षानुवर्षांच्या नोंदींवरून दिसते. बॅटरला चेंडूचा अंदाज आलेला असतो आणि पिचरचा हात जड झालेला असतो. रेजसारखा कमी पैशांचा संघ अशाच नोंदींच्या जोरावर तिथवर पोचला होता. माझे म्हणणे असे की निर्णय बरोबर होता, निकाल उलटा लागला, एवढेच. शेजाऱ्यांचे म्हणणे असे की डोळे असलेल्या माणसाने त्या रात्री स्नेलला काढलेच नसते. तुम्हाला काय वाटते?

जाता जाता सांगतो, माझा मुलगा बारा वर्षांखालच्या संघात पिचिंग करतो आणि संघाचे स्कोअरबुक मी लिहितो. त्यामुळे हा प्रश्न माझ्या शनिवारच्या सकाळीही माझ्या मांडीवर येऊन बसतो.

कट्टेकरी

शेजाऱ्यांना माझा पाठिंबा. त्यांना माझ्याकडून एक चहा.

शून्य_बाद

मी कोल्हापुरात बसून हे वाचतो आहे आणि बेसबॉलमधले मला ओ की ठो कळत नाही, म्हणून एक बाळबोध प्रश्न विचारतो. क्रिकेटमध्ये कर्णधार एखाद्या गोलंदाजाला दोन षटके विश्रांती देतो आणि नवा फलंदाज आला की पुन्हा बोलावतो. तसे स्नेलला बाजूला ठेवून, बेट्सचा धोका टळल्यावर परत आणता आले नसते का?

मेधा_शि

@शून्य_बाद, नाही, आणि गोम तिथेच आहे. बेसबॉलमध्ये एकदा सामन्याबाहेर गेलेला खेळाडू त्या सामन्यात परत येऊ शकत नाही. शिवाय २०२० पासून असा नियम आहे की नव्या पिचरने किमान तीन बॅटरना तरी सामोरे जायचे किंवा ती इनिंग संपवायची, म्हणजे एका बॅटरपुरता माणूस आणून लगेच दुसरा बोलावण्याची युक्तीही गेली. मॅनेजर डगआउटच्या पायऱ्या चढतो तेव्हा त्याने एक दार कायमचे बंद केलेले असते. त्यामुळे हिशेब फक्त 'स्नेल आता कसा आहे' एवढा नसतो. 'स्नेल अजून किती पुरेल आणि त्याच्यामागे माझ्याकडे कोण उरले आहे' असा तो असतो.

शाळेत असताना जळगावला सॉफ्टबॉल खेळले आहे, त्यामुळे या धाग्यावर नियमांबद्दल कुणाला काही विचारायचे असेल तर अवश्य विचारावे.

गणिती_काका

मी आयुष्यभर महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवले आणि निवृत्तीनंतर मुलीकडे क्लीव्हलँडला येऊ-जाऊ लागल्यापासून या खेळाच्या नादी लागलो. धागाकर्त्यांचे वाक्य मला पटते, परंतु त्याला पुरावा जोडायला हवा, नाहीतर 'निर्णय बरोबर, निकाल चूक' हे प्रत्येक हरलेल्या मॅनेजरचे पांघरूण ठरेल.

पुरावा सहा दिवस आधीच्या सामन्यात आहे. त्याच मालिकेतील दुसऱ्या सामन्यात स्नेलने पाचव्या इनिंगमध्ये दोन बाद होईपर्यंत एकही हिट दिलेली नव्हती आणि तेव्हाही नऊ स्ट्राइकआउट घेतले होते. मग काय झाले? एक वॉक, ख्रिस टेलरचा होम रन, बेट्सला वॉक, सीगरची हिट. चार बॅटरमध्ये चित्र पालटले. कॅश यांनी त्याला काढले, अँडरसनला आणले, अँडरसनने टर्नरला स्ट्राइकआउट केले आणि रेजनी सामना ६-४ ने जिंकला. त्याआधी ह्यूस्टन ॲस्ट्रोजविरुद्धच्या निर्णायक सातव्या सामन्यात चार्ली मॉर्टन एकही रन न देता खेळत होता, ६६ चेंडू झाले होते, सहाव्या इनिंगमध्ये दोन बाद होते. कॅश यांनी त्यालाही काढले, अँडरसनलाच आणले, आणि रेज ४-२ ने जिंकून वर्ल्ड सिरीजला गेले. मॉर्टनला काढल्याबद्दल कुणाचे शेजाऱ्यांशी भांडण झाल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

आणखी एक. २०२० च्या संपूर्ण हंगामात स्नेलने एकाही सामन्यात सहा इनिंग पूर्ण केलेल्या नव्हत्या. आपण ज्याला 'रंगात आलेला' म्हणतो तो पिचर पुढच्या तीन बॅटरपर्यंत रंगातच राहील, हे आपण गृहीत धरतो. दुसऱ्या सामन्यातही पाचव्या इनिंगपर्यंत तो रंगातच होता.

जुनाट

काकांबद्दल आदर आहे, परंतु मी एक दुसरी तारीख सांगतो. २७ ऑक्टोबर १९९१, म्हणजे स्नेलच्या त्या रात्रीच्या बरोबर २९ वर्षे आधी. मिनियापोलिस, वर्ल्ड सिरीजचा सातवा सामना, मिनेसोटा ट्विन्स आणि अटलांटा ब्रेव्ह्ज. ट्विन्सचा जॅक मॉरिस तेव्हा ३६ वर्षांचा होता. नऊ इनिंगनंतरही ०-० होते. तो दहाव्या इनिंगमध्येही पिचिंगला आला, तीही कोरी टाकली, एकूण १२६ चेंडू टाकले आणि ट्विन्सनी १-० ने विजेतेपद मिळवले. त्याच्यासमोर बॅटर तिसऱ्यांदाच काय, चौथ्यांदा आणि पाचव्यांदाही आले. मॅनेजरच्या हातात त्या दिवशी आजचा तक्ता असता तर मॉरिस सहाव्या इनिंगनंतर बाकावर बसून सूर्यफुलाच्या बिया चघळत असता.

माझा आक्षेप आकड्यांना नाही. जो निर्णय तीन महिने आधी संगणकावर झालेला असतो तो मैदानात येऊन 'घेतल्यासारखा' दाखवतात, याला आहे.

बोस्टनची_माई

जुनाट यांनी १९९१ काढले म्हणून मला २००३ काढणे भाग आहे, जरी ते काढताना अजूनही त्रास होतो. १६ ऑक्टोबर २००३, यँकी स्टेडियम, वर्ल्ड सिरीजच्या आधीच्या फेरीतला यँकीजविरुद्धचा सातवा सामना. आमचे रेड सॉक्स आठव्या इनिंगमध्ये ५-२ ने पुढे होते आणि पेद्रो मार्टिनेझ पिचिंग करत होता. शंभर चेंडूंनंतर पेद्रो तोच पेद्रो राहत नाही, हे त्या हंगामाच्या आकड्यांत स्वच्छ दिसत होते आणि संघाच्या कार्यालयातल्या लोकांना ते ठाऊकही होते. मॅनेजर ग्रेडी लिटल मैदानात गेले, पेद्रोशी बोलले, आणि त्याला तसेच ठेवून परत आले. यँकीजनी बरोबरी साधली, अकराव्या इनिंगमध्ये ॲरन बूनने होम रन मारला आणि आम्ही पुन्हा एकदा रडलो. लिटल यांचा करार पुढे वाढवला गेला नाही.

म्हणजे पाहा, एका मॅनेजरने डोळ्यांवर आणि माणसावर विश्वास ठेवला म्हणून त्याची नोकरी गेली आणि दुसऱ्याने तक्त्यावर विश्वास ठेवला म्हणून जग त्याला शिव्या घालते. गंमत म्हणजे कॅश यांना २०२० चा अमेरिकन लीगचा सर्वोत्तम मॅनेजर हा मान मिळाला, कारण त्याचे मतदान ऑक्टोबरातल्या सामन्यांच्या आधीच होते.

शून्य_बाद

माई, म्हणजे तुमच्याकडेही 'शंभर चेंडू' हा जादूचा आकडा आहे तर! आमच्याकडे नव्वदीत गेलेला फलंदाज तसा घाबरतो.

पूर्वखाडीकर

मी ओकलंडच्या बाजूला पंधरा वर्षे राहतो, त्यामुळे आकड्यांचा विषय निघाला की सगळे माझ्याकडे वळून बघतात. २००२ चे ओकलंड ॲथलेटिक्स: खेळाडूंच्या पगारावर सुमारे चार कोटी डॉलर खर्च करणारा संघ, यँकीजचा खर्च त्याच्या तिपटीहून जास्त, आणि तरी दोघांनीही १०३ सामने जिंकले. सलग वीस विजय मिळवले. विसाव्या सामन्यात ११-० ची आघाडी घालवून ११-११ झाले आणि स्कॉट हॅटबर्गने शेवटच्या इनिंगमध्ये होम रन मारून सामना सोडवला. हा हॅटबर्ग कॅचर होता, कोपराच्या दुखापतीमुळे त्याला चेंडू फेकता येईना, म्हणून बाकीच्यांनी त्याला मोडीत काढले होते. व्यवस्थापक बिली बीन यांनी त्याला पहिल्या बेसवर उभे केले, कारण तो वॉक भरपूर घ्यायचा आणि त्या काळी बाजारात वॉकला किंमत नव्हती.

ही गोष्ट खरी आहे, पण अर्धी. याच संघात टिम हडसन, मार्क मल्डर आणि बॅरी झिटो असे तीन पहिल्या दर्जाचे पिचर होते. त्या वर्षीचा सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार झिटोला मिळाला, आणि सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार आमच्याच मिगेल तेहादाला. वॉकने सामने जिंकले असे म्हणणाऱ्यांनी ही चार नावे आधी मोठ्याने वाचावीत. आणि पहिल्याच फेरीत आम्ही मिनेसोटाकडून ३-२ ने हरलो, हेही सांगून टाकतो. आता तर संघच ओकलंड सोडून गेला आहे, पण ते दुःख वेगळ्या धाग्याचे.

गणिती_काका

पूर्वखाडीकरांनी वॉकचा मुद्दा काढला ते बरे झाले, कारण खेळाडूची पारख करताना सर्वांत जुना घोटाळा तिथेच झालेला आहे, आणि त्याचे मूळ आपल्या ओळखीच्या खेळात आहे.

बेसबॉलच्या नोंदींची पद्धत बसवण्यात हेन्री चॅडविक यांचा वाटा फार मोठा आहे. ते इंग्लंडमधल्या एक्सेटरचे, लहानपणी अमेरिकेत आलेले, आणि आधी क्रिकेटचे वार्ताहर होते. क्रिकेटमध्ये धावा फलंदाजाने बॅटने काढायच्या असतात, वाइडची धाव त्याच्या नावावर लागत नाही. तीच दृष्टी इकडे आली आणि बॅटिंग ॲव्हरेजमधून (म्हणजे दर संधीमागे किती हिट या हिशेबातून) वॉक वगळला गेला, जणू काही चार वाईट चेंडू सोडण्यात बॅटरचे काही कर्तृत्वच नाही. १८८७ च्या एका हंगामात वॉकला हिट धरून पाहिले आणि पुढच्या वर्षी ते सोडून दिले.

पण बेसबॉलमध्ये संघाची खरी पुंजी म्हणजे सत्तावीस बाद. जो बाद होत नाही तो पुंजी वाचवतो, मग तो हिट मारून बेसवर पोचला की चार चेंडू सोडून, याने फार थोडा फरक पडतो. १९४१ मध्ये टेड विल्यम्सचा बॅटिंग ॲव्हरेज .४०६ होता, हे सर्वांना पाठ असते. त्याच वर्षी तो शंभरातल्या पंचावन्न वेळा बेसवर पोचला, म्हणजे .५५३, ही गोष्ट त्याहून मोठी असूनही कित्येक वर्षे कुणी तोंडपाठ केली नाही.

मेधा_शि

काका, याच पुंजीच्या हिशेबाने बंटचे (बॅट न फिरवता चेंडू हलकेच पुढ्यात ढकलण्याचे) काय होते, तेही सांगा ना. आमच्या शाळेच्या सॉफ्टबॉल संघात पहिली मुलगी बेसवर पोचली की सरांचा हात आपोआप टोपीकडे जायचा, म्हणजे पुढचीने बंट करून स्वतः बाद व्हायचे आणि पहिलीला दुसऱ्या बेसवर न्यायचे.

गणिती_काका

तुमच्या सरांचे आकडे माझ्याकडे नाहीत, मेजर लीगचे सांगतो. एकही बाद नाही आणि पहिल्या बेसवर रनर आहे, अशा स्थितीतून इनिंग संपेपर्यंत संघ सरासरी ०.८५ ते ०.९० च्या आसपास रन काढतो. यशस्वी बंटनंतर म्हणजे एक बाद आणि दुसऱ्या बेसवर रनर, या स्थितीतून ०.६५ ते ०.७० च्या आसपास. म्हणजे बंट यशस्वी झाला तरी पाचवा हिस्सा रन आपण टाळ्या वाजवत दान केलेला असतो.

मात्र हा हिशेब 'किती रन' याचा आहे. 'निदान एक रन' निघण्याची शक्यता पाहिली तर दोन्ही स्थितींत फारसे अंतर राहत नाही. म्हणून बरोबरीच्या सामन्यात, जादा इनिंगमध्ये, यजमान संघ शेवटी खेळत असताना बंट शहाणपणाचा ठरू शकतो. तिथे दुसऱ्या रनचा उपयोगच नसतो. नव्या नियमाप्रमाणे जादा इनिंगची सुरुवातच दुसऱ्या बेसवर रनर ठेवून होते, त्यामुळे मोडीत निघालेल्या बंटला थोडे बरे दिवस आले आहेत.

जुनाट

म्हणजे शेवटी 'परिस्थिती बघून ठरवा' एवढेच ना? हे माझे आजोबा क्रिकेटबद्दल फुकटात सांगत असत.

गणिती_काका

आजोबा परिस्थिती बघा म्हणत; कोणत्या परिस्थितीत नेमके किती नुकसान, हे ते सांगत नसत. फरक तेवढाच आहे, पण एका मोसमात १६२ सामने असतात.

बोस्टनची_माई

परिस्थितीवरून २००४ सांगते आणि मग २००३ चे उट्टे निघाले असे समजते. त्याच फेरीत यँकीजविरुद्ध आम्ही ०-३ ने मागे होतो. चौथ्या सामन्यात नवव्या इनिंगला एका रनने पिछाडीवर, समोर त्यांचा पिचर मारियानो रिव्हेरा. केव्हिन मिलारने वॉक घेतला, त्याच्या जागी पळायला डेव्ह रॉबर्ट्सला पाठवले आणि त्याने दुसरा बेस चोरला, म्हणजे फटक्याची वाट न पाहता पळून गाठला. बिल म्यूलरच्या हिटवर तो होमला आला, आम्ही तो सामना जिंकला, नंतरचे तीनही जिंकले आणि शेवटी १९१८ नंतरची पहिली वर्ल्ड सिरीज.

आकडेवाले म्हणतात की बेसचोरी शंभरात सत्तर-पंचाहत्तर वेळा तरी साधत असेल तरच करावी, कारण बाद होण्याचे नुकसान बेस मिळण्याच्या फायद्यापेक्षा बरेच मोठे आहे. बिल जेम्स त्या वेळी रेड सॉक्सचे सल्लागार होते, म्हणजे आमच्याच घरात आकडेवाले बसलेले होते, आणि तरी आम्ही चोरी केली, असे लोक मला टोमणा मारल्यासारखे सांगतात. पण रॉबर्ट्सने त्या मोसमात ३८ बेस चोरले होते आणि तीनदाच पकडला गेला होता. तो जुगार नव्हता हो, ती मुदत ठेव होती!

आणि आता धाग्याशी सांधा जुळवते: स्नेल चेंडू देऊन निघाला तेव्हा समोरच्या डगआउटमध्ये डॉजर्सचा मॅनेजर म्हणून हाच डेव्ह रॉबर्ट्स उभा होता.

कट्टेकरी

माई, या शेवटच्या वाक्यासाठी दंडवत.

पूर्वखाडीकर

जुनाट यांना एक प्रश्न आहे. जुने आकडे तुम्हाला चालतात, नवे चालत नाहीत, असे का? 'पिचरने किती सामने जिंकले' हाही आकडाच आहे, आणि तो किती लबाड आहे ते पाहा. १९९० मध्ये आमच्या बॉब वेल्चने २७ सामने जिंकले आणि साय यंग पुरस्कार घेतला. त्याच वर्षी रॉजर क्लेमन्स दर नऊ इनिंगमागे १.९३ रन देत होता (क्षेत्ररक्षकांच्या चुकांनी गेलेले रन यात धरत नाहीत), वेल्च २.९५. मी ओकलंडचा असूनही सांगतो की तो पुरस्कार क्लेमन्सचा होता. वेल्चच्या मागे रन काढणारा संघ होता, म्हणून तो 'विजयी' ठरला. २०१८ मध्ये न्यूयॉर्क मेट्सच्या जेकब डिग्रॉमचा हिशेब १० विजय, ९ पराभव असा होता, आणि रन फक्त १.७०. त्याला पुरस्कार जवळजवळ एकमताने मिळाला. मतदारांच्या डोक्यातला हा बदल आकडेवाल्यांनी घडवला. हा बदल तरी चांगला म्हणाल की नाही?

जुनाट

चांगला म्हणतो, आणि मनापासून म्हणतो. पण पारख करणे वेगळे आणि खेळणे वेगळे. मोसम संपल्यावर कोण श्रेष्ठ हे ठरवताना तुम्ही शंभर प्रकारचे आकडे वापरा, माझी हरकत नाही. तेच आकडे मैदानात उतरले आणि खेळ कसा झाला ते बघा. सगळे उंच फटके मारू लागले, कारण होम रनला भाव. सगळे पिचर जिवाच्या आकांताने वेगात टाकू लागले, कारण स्ट्राइकआउटला भाव. २०१८ मध्ये इतिहासात पहिल्यांदा हिटपेक्षा स्ट्राइकआउट जास्त झाले. तीन-तीन क्षेत्ररक्षक एकाच बाजूला उभे करण्याची टूम एवढी वाढली की २०२३ मध्ये नियम करून ती थांबवावी लागली: दुसऱ्या बेसच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन इनफिल्डर हवेतच. त्याच वर्षी पिचरसमोर घड्याळ लावले आणि बेसही मोठे केले. संघांनी आपापले गणित अचूक सोडवले आणि सगळ्यांचे मिळून उत्तर कंटाळवाणे आले.

डावखुरा

जुनाट, हे शेवटचे वाक्य मी शेजाऱ्यांना सांगणार नाही, कारण ते त्यांच्या बाजूचे आहे आणि माझ्यापेक्षा चांगले आहे.

शून्य_बाद

लुईस अराएझ नावाच्या खेळाडूबद्दल वाचले. तीन वर्षे ओळीने तीन वेगवेगळ्या संघांकडून त्याने आपल्या लीगमधला सर्वांत जास्त बॅटिंग ॲव्हरेज मिळवला म्हणे. असा माणूस संघ हातचा जाऊ कसा देतात?

मेधा_शि

मिनेसोटा २०२२, मायामी २०२३, सॅन डिएगो २०२४, हे खरे आहे. २०२३ मध्ये त्याचा ॲव्हरेज .३५४ होता. त्याला स्ट्राइकआउट करणे म्हणजे भिजलेली काडी पेटवण्यासारखे आहे. पण तो वॉक फारसे घेत नाही, बहुतेक हिट एका बेसच्या, पळण्यात वेग नाही आणि क्षेत्ररक्षण बेताचे. सगळ्याची गोळाबेरीज केली की तो चांगला खेळाडू ठरतो, पण त्या झळझळीत आकड्यावरून वाटतो तितका महागडा ठरत नाही. तरीही मला तो पाहायला आवडतो, आणि तिकीट मी पाहायला आवडते म्हणून काढते.

आता मूळ प्रश्नाकडे वळते, कारण तिथले एक टोक सुटलेच आहे. सगळी चर्चा 'आकडे की डोळे' अशी चालली आहे. मला वाटते, त्या रात्री आकड्यांच्या विरुद्ध आकडेच उभे होते, आणि कॅश यांनी त्यातला एक उचलला.

बॅटर तिसऱ्यांदा समोर येण्याचा नियम स्नेलला काढा म्हणतो, मान्य. पण आणायचे कुणाला? २०२० च्या नियमित हंगामात अँडरसनने दर नऊ इनिंगमागे ०.५५ रन दिले होते. हा आकडा डोळे दिपवणारा आहे, परंतु तो सोळा इनिंग आणि एक बाद एवढ्यावर उभा आहे. दुसरीकडे, बाद फेरीतल्या आधीच्या सलग सहा सामन्यांत त्याने प्रत्येक वेळी निदान एक रन दिलेला होता. काकांनी सांगितलेल्या दुसऱ्या सामन्यातही टर्नरला बाद केल्यावर पुढच्या इनिंगमध्ये विल स्मिथने त्याला होम रन मारला होता. तो दमलेला होता, हे डोळ्यांनाही दिसत होते आणि नोंदींतही होते.

बेट्सचे पाहा. कोरोनामुळे साठच सामन्यांच्या झालेल्या त्या हंगामात उजव्या बॅटिंगचा बेट्स डावखुऱ्या पिचरविरुद्ध .२०० आणि उजव्यांविरुद्ध .३२३ असा खेळला होता, म्हणजे नेहमीच्या रिवाजाच्या अगदी उलट. डावखुऱ्या स्नेलला काढून उजव्या अँडरसनला आणणे म्हणजे बेट्सच्या ताटात त्याचा आवडता पदार्थ वाढणे झाले. माझे मत असे की स्नेलला काढण्याचा निर्णय वादाचा आहे. अँडरसनला आणण्याचा निर्णय चुकीचाच आहे.

गणिती_काका

मेधाताई, मुद्दा उत्तम आहे, परंतु शिक्षकी सवयीने एक लाल खूण करतो. अँडरसनचे सोळा इनिंग कमी आहेत असे म्हणून तुम्ही तो आकडा बाजूला ठेवलात आणि लगेच बेट्सचा साठ सामन्यांतला, त्यातही फक्त डावखुऱ्यांविरुद्धचा आकडा पुढे केलात. तोही तितकाच बारीक आहे. बेट्सची आधीची वर्षे पाहिली तर तो डावखुऱ्यांनाही व्यवस्थित खेळतो. अँडरसनचे सलग सहा सामने मात्र मी वेगळ्या खात्यात टाकतो, कारण तिथे संख्या लहान असली तरी तिच्यामागे कारण दिसते: रिलीव्हर (बदली पिचर) इतक्या वेळा वापरला की हात थकतो. पुढच्या हंगामाच्या तोंडावर त्याच्या कोपराची दुखापत उघड झाली. ती ऑक्टोबरात होती की नाही, हे मी घरी बसून ठरवणार नाही.

एकंदरीत तुमच्या निष्कर्षाच्या मी जवळ आलो आहे, आणि पहिल्या प्रतिसादातले माझे मत तेवढ्यापुरते मागे घेतो.

मेधा_शि

लाल खूण मान्य आहे, काका. बेट्सचे ताट परत घेते.

जुनाट

एक गोष्ट मात्र कोणत्याच तक्त्यात नाही. स्नेल निघाला तेव्हा ज्या तिघांना त्याचा चेंडू दिसतच नव्हता त्यांना हायसे वाटले, आणि डॉजर्सकडच्यांनी हे नंतर लपवलेही नाही. समोरच्याला हायसे वाटणे याची किंमत किती धरणार?

गणिती_काका

मोजता येत नाही म्हणून शून्य धरू नये, इथपर्यंत मी तुमच्याबरोबर आहे.

डावखुरा

चार दिवस प्रतिसाद दिला नाही, क्षमस्व. सगळे वाचले, आणि काल शनिवारी जे झाले ते लिहितो.

मुलांच्या सामन्यात अकरा-बारा वर्षांच्या पिचरला दिवसाला ८५ चेंडूंची मर्यादा असते. हा जिंकण्याचा हिशेब नव्हे, कोवळे हात जपण्यासाठीचा नियम आहे. मी एका हाताने क्लिकर दाबतो आणि दुसऱ्या हाताने स्कोअरबुक भरतो. काल आमचे चिरंजीव फार छान टाकत होते. पाचव्या इनिंगमध्ये ७८ चेंडू झाले, दोन बाद होते, आम्ही ३-२ ने पुढे होतो आणि त्यांचा सर्वांत दांडगा मुलगा तिसऱ्यांदा बॅट घेऊन आला. कोचने माझ्याकडे पाहिले. मी फक्त आकडा सांगितला, मत दिले नाही. ते मैदानात गेले, चिरंजीवांना हात कसा आहे म्हणून विचारले, त्यांनी सगळी मुले सांगतात तसे एकदम चांगला आहे म्हणून सांगितले, आणि कोच परत आले.

सहा चेंडूंनंतर तो दांडगा मुलगा तिसरा स्ट्राइक नुसता बघत उभा राहिला. स्ट्राइकआउटची खूण म्हणून इंग्रजी के लिहायची पद्धत काकांच्या त्या चॅडविकांचीच. बॅटर बॅट न फिरवता बाद झाला तर तो के उलटा काढतात. गेली दोन वर्षे स्कोअरबुक लिहितो आहे, पण उलटा के काढताना पेन्सिलीचे टोक मोडण्याची ही पहिलीच वेळ.

बोस्टनची_माई

वा! चिरंजीवांना माझ्याकडून शाबासकी सांगा. ते पान जपून ठेवा.

शून्य_बाद

सामना जिंकलात की नाही, ते लिहिलेच नाही तुम्ही.

डावखुरा

हरलो, ४-३. मर्यादेत एकच चेंडू उरला होता, म्हणून सहाव्या इनिंगला पिचर बदलावा लागला. शेजाऱ्यांना अजून सांगितलेले नाही.